रेशनचा ट्रक पकडला जातो, पुढे काय?

प्रतिनिधी / छत्रपती संभाजीनगर

रेशनचा गहू किंवा तांदूळ काळ्या बाजारात नेणारा ट्रक पकडल्याची बातमी मराठवाड्यातील वाचकाला नवी नाही. पहाटेची वेळ, महामार्गावरचा ढाबा, ताडपत्रीखाली झाकलेले कट्टे आणि पोलीस ठाण्याच्या आवारात त्या कट्ट्यांमागे रांगेने उभे असलेले अधिकारी, असे छायाचित्र वर्षातून अनेकदा छापून येते. चालक आणि क्लीनर यांना अटक होते, मुख्य सूत्रधार फरार असल्याचे वाक्य बातमीच्या शेवटी असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी विषय मागे पडतो. चोर सापडला, माल सापडला, आता उरले ते न्यायालयाचे काम, अशी वाचकाची समजूत होते. तपास अधिकाऱ्याची परीक्षा मात्र येथूनच सुरू होते. कारण आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे धान्य रेशनचेच कशावरून?

हा प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००२ मध्ये एक आदेश काढून गहू, भात, तांदूळ यांसारख्या अन्नपदार्थांच्या व्यापारावरील परवाने, साठ्याची मर्यादा आणि वाहतुकीवरील निर्बंध उठविले. पुढे वेळोवेळी साठामर्यादा परतही आल्या. गव्हावर त्या जून २०२३ मध्ये पुन्हा लागू झाल्या. पण मूळ स्थिती बदललेली नाही. व्यापाऱ्याच्या गाडीत दहा टन गहू असणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. तो गहू सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून बाहेर पडलेला आहे, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. सरकारी छाप असलेला बारदाना फाडून धान्य साध्या गोणीत भरले आणि तिला नवी शिलाई घातली की त्या धान्याची ओळख पुसली जाते. नमुना प्रयोगशाळेत पाठविला तर धान्याची प्रत कळते, मालक कळत नाही.

म्हणून या क्षेत्रातला मुरलेला अधिकारी गोण्यांच्या मागे न लागता कागदांच्या मागे लागतो. जिल्ह्याचे मासिक नियतन किती, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून उचल किती झाली, वाहतूक पास कोणत्या गाडीच्या नावे निघाला, वजनकाट्याची पावती किती वाजताची आहे, टोलनाक्यावर ती गाडी कोणत्या दिशेने गेली, शासकीय गोदामाच्या साठा नोंदवहीत ती कधी 'जमा' झाली आणि दुकानाच्या नावे कधी 'खर्ची' पडली, ही सारी साखळी जुळवत बसणे हे त्याचे खरे काम. त्यात धाडसाला फारसा वाव नाही, छायाचित्राला तर मुळीच नाही. परंतु जिथे ही साखळी जुळली तिथेच प्रकरण उभे राहिले आहे.

कृष्णूरचा धडा

याचे मराठवाड्यातील ठळक उदाहरण म्हणजे नांदेड जिल्ह्यातील कृष्णूर. नायगाव तालुक्यातील या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत धान्यावर प्रक्रिया करणारा एक मोठा कारखाना होता. जुलै २०१८ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक चंद्रकिशोर मीना यांच्या पथकाने तेथे छापा घातला आणि सरकारी धान्याचे दहा ट्रक ताब्यात घेतले. तपास नुरुल हसन या तरुण भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडे आला. पुढे तो राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, कारखान्याच्या संचालकांना अटक झाली, एकेकाळी जिल्ह्याच्या पुरवठा विभागाची सूत्रे सांभाळलेल्या वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यापर्यंत तपासाचे धागे पोहोचले आणि २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयानेही यात अटक केली. जामिनाचे अर्ज आपल्या शहरातील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आले, तेव्हा हे प्रकरण येथील वकील मंडळींच्या रोजच्या चर्चेत होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे.

पण तपासाच्या दृष्टीने कृष्णूर महत्त्वाचे ठरते ते अन्य कारणाने. एरवी पकडला जाणारा ट्रक हा गोणी बदलून झालेल्या मालाचा असतो. कृष्णूरला गाड्या सापडल्या त्या गोणी बदलण्याच्या आधी. महामंडळाच्या गोदामातून त्या धान्य घेऊन निघाल्या होत्या, त्यांनी जायचे होते शासकीय गोदामांत आणि त्या उभ्या होत्या एका खासगी कारखान्याच्या आवारात. 'हे धान्य रेशनचेच कशावरून' हा प्रश्न तेथे दुबळा झाला आणि त्याची जागा दुसऱ्या, अधिक अडचणीच्या प्रश्नाने घेतली. धान्य शासकीय गोदामात पोहोचलेच नसेल, तर तेथील नोंदवहीत ते जमा कसे झाले? आणि जमा झाले नसेल, तर दुकानांना दिले काय? ज्या क्षणी हा प्रश्न विचारला जातो त्या क्षणी चोरी चालकाची राहत नाही. गोदामपाल, वाहतूक कंत्राटदार, तहसीलची पुरवठा शाखा आणि दुकानदार यांच्या सह्या एकाच ओळीत येतात.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. हा छापा पुरवठा विभागाने घातला नव्हता, तो पोलिसांनी घातला होता.

नाशिक जिल्ह्यातही थोड्याफार फरकाने हेच घडले होते. सुरगाणा या आदिवासी तालुक्याच्या शासकीय गोदामातील हजारो क्विंटल धान्याचा हिशेब लागेना आणि २०१५ मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरील वाडीवऱ्हे येथे रेशनच्या धान्याच्या गाड्या पोलिसांच्या हाती लागल्या. महसूल अधिकाऱ्यांच्या निलंबनावरून विधिमंडळात वादळ उठले आणि संघटित टोळ्यांसाठी केलेला मोक्का कायदा धान्याच्या काळाबाजाराला लावला गेला. तेव्हा गिरीश बापट हे अन्न व नागरी पुरवठा मंत्री होते. पुढे द्वारपोच योजनेतील गाड्यांना हिरवा रंग, 'सार्वजनिक वितरण व्यवस्था' अशी ठळक अक्षरे आणि जीपीएस यंत्र असा साज चढविण्यात आला. कृष्णूरचा छापा पडला तो या सुधारणांच्या नंतर. रंग आणि यंत्र यांचा उपयोग नाही असे नव्हे; पण यंत्राने दाखविलेली वाट रोज पाहणारा कोणी नसेल तर ते यंत्र फक्त बिलात उरते.

एक ट्रक, दोन हजार माणसे

चोरी कुठे मोठी आणि कुठे लहान, याचा हिशेब साधा आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. महाराष्ट्रात हा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि त्याखाली राज्यातील सुमारे सात कोटी माणसे येतात. दहा टनांचा एक ट्रक वाटेत वळला तर दोन हजार माणसांचे महिन्याचे धान्य जाते. दुकानदाराने काट्यात मारलेले अर्धा-एक किलो किंवा मृत आजोबांच्या नावावर उचललेले पाच किलो हेही पापच, पण त्या मार्गाने एका ट्रकाइतकी चोरी करायची तर हजारो व्यवहार करावे लागतील. तरीही गेल्या दहा वर्षांत सरकारचा पैसा आणि लक्ष गेले ते दुकानाच्या काउंटरवर. ई-पॉस यंत्र तेथे बसले, आधार तेथे जोडले गेले, अंगठा तेथे घेतला जातो आणि ई-केवायसीसाठी रांगाही तेथेच लागल्या.

याचा फायदा झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियोजन आयोगाच्या मूल्यमापन विभागाने २००५ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की गरिबांसाठीच्या अनुदानित धान्यापैकी ५८ टक्के त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि एक रुपयाची मदत पोहोचविण्यासाठी सरकारला ३ रुपये ६५ पैसे खर्च येतो. शांता कुमार समितीने जानेवारी २०१५ च्या अहवालात २०११-१२ मधील गळती ४६.७ टक्के असल्याचे म्हटले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी त्याच वर्षाचा आकडा ४१.७ टक्के काढला. इक्रिअर या संस्थेसाठी अशोक गुलाटी व सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ ची गळती २८ टक्के दाखविली आहे. हे आकडे सर्वेक्षणातील कुटुंबांनी सांगितलेला वापर आणि सरकारी उचल यांतील फरकावरून काढलेले असल्याने त्यांवर मतभेद आहेतच. कल मात्र उतरता आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. प्रश्न उरलेल्या २८ टक्क्यांचा आहे. इक्रिअरच्या हिशेबाने ते धान्य सुमारे दोन कोटी टन होते आणि त्याची किंमत ६९ हजार कोटी रुपयांच्या घरात होती.

काउंटरवरचे यंत्रही पूर्णपणे विश्वासार्ह ठरले आहे असे नाही. उत्तर प्रदेशात २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकारात ४३ जिल्ह्यांतील लाखाहून अधिक शिधापत्रिकांचे धान्य अवघ्या ८५९ आधार क्रमांकांवर उचलले गेले होते. नोंदीतील आधार क्रमांक तेवढ्यापुरता बदलायचा, धान्य उचलायचे आणि मूळ क्रमांक परत टाकायचा, अशी ती क्लृप्ती होती. त्याच वर्षी सुरतेत दुकानदारांनी ग्राहकांच्या बोटांच्या ठशांची माहितीच संगणक प्रणालीतून मिळविल्याचे गुन्हे शाखेने उघड केले. दोन्ही ठिकाणी चोर पकडला गेला तो अंगठ्यामुळे नव्हे. नोंदींची छाननी झाली म्हणून.

उलट या यंत्राची झळ कोणाला बसते? वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांत हातांनी काम करणारा कामगार, बांधकामावरची मजूर बाई, साठी ओलांडलेली म्हातारी यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. 'अंगठा लागत नाही, उद्या या' हे वाक्य त्यांच्या कानी पडते आणि त्या उद्याची मजुरी बुडते. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगात आधार पडताळणीमुळे गळतीत सरासरी घट दिसली नाही, मात्र ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्यांना मिळणारे धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये २०१३ पासून देशभरात ४.३९ कोटी शिधापत्रिका रद्द केल्याचे जाहीर केले. त्यांत बनावट किती, अपात्र किती, मयत किती आणि केवळ जोडणी न झाल्याने गळालेले जिवंत किती, याची फोड झाल्याशिवाय हा आकडा यशाचा मानावा की काळजीचा, हे ठरत नाही.

मनमाडजवळचे ते दुपारचे दृश्य

धान्याची चर्चा चालू असता रॉकेलकडे वळावे लागते, कारण रेशनवरील चोरी रोखणाऱ्या अधिकाऱ्याला काय किंमत मोजावी लागते हे महाराष्ट्राने रॉकेलच्या संदर्भातच पाहिले. २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातून जात होते. तेथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. रस्त्याकडेच्या ढाब्याशेजारी टँकरमधून चाललेला भेसळीचा उद्योग त्यांच्या नजरेस पडला. ते थांबले, मोबाइलवर चित्रण करू लागले आणि पुरवठा विभागाच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी बोलावून घेतले. त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. मुख्य संशयितही त्यात भाजला आणि काही दिवसांनी मरण पावला. २७ जानेवारीला राज्यभरातील सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले. त्याच आठवड्यात ठिकठिकाणी छापे पडले, टँकर पकडले गेले, तेल माफियांची गय केली जाणार नाही अशा घोषणा झाल्या. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

त्या आठवड्यातील छाप्यांविषयी एक प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो आजही मनात येतो. एका रात्रीत जे अड्डे सापडले ते आदल्या रात्री कोणाला ठाऊक नव्हते काय?

रॉकेलची भेसळ नंतर खरोखर ओसरली. त्याचे श्रेय पोलिसी कारवाईला देण्याचा मोह होतो, पण कारण वेगळे आहे. घरोघरी गॅस आला, राज्यांचे कोटे आटत गेले आणि मार्च २०२० पासून रेशनच्या रॉकेलवरील अनुदानच संपले. डिझेल आणि रॉकेल यांच्या दरातील दरी बुजली, तशी भेसळीतील कमाईही बुजली. एकेकाळी राष्ट्रीय उपयोजित अर्थशास्त्र संशोधन परिषदेने रेशनच्या सुमारे ३८ टक्के रॉकेलला पाय फुटत असल्याचा अंदाज दिला होता, हे आठवले तर या बदलाचा अर्थ कळतो. ही दरी हाच चोरीचा आधार असतो.

धान्याच्या बाबतीत ही दरी उलट रुंदावली आहे. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेचे धान्य मोफत झाले. त्याआधी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. सरकारला मात्र तांदूळ किलोमागे सुमारे ४० रुपयांना आणि गहू सुमारे २८ रुपयांना पडतो. मोफत देणे चूक की बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. परंतु शून्य आणि चाळीस यांच्यामध्ये जेवढी जागा आहे, तेवढी जागा दलालाला आहे.

पोलीसही तोच, कोठारपालही तोच

या जागेवर पहारा कोणाचा आहे? जिल्हा पुरवठा अधिकारी, तालुक्याला तहसीलदार आणि त्यांच्या हाताखाली पुरवठा निरीक्षण अधिकारी. वाटपाची जबाबदारी याच साखळीची आणि वाटपातील चोरी शोधण्याची जबाबदारीही याच साखळीची. गोदाम तपासणारा अधिकारी आणि गोदामपाल एकाच कार्यालयात बसतात, एकाच वरिष्ठाला अहवाल देतात. मोठी तूट उघड करणे म्हणजे आपल्याच कार्यालयाचे वाभाडे काढणे होय. त्यातून महसूल खात्यावर निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, टंचाईचे टँकर, शासकीय कार्यक्रम यांचा बोजा. दुकानतपासणीचे जे उद्दिष्ट ठरते ते महिनाअखेरीस कागदावर पूर्ण होते, ही गोष्ट खात्यात कोणी गुपित मानत नाही.

कायद्याने याला पर्याय दिले आहेत. गाव, तालुका आणि जिल्हा पातळीवर दक्षता समित्या, दुकानांचे सामाजिक अंकेक्षण, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्या वर राज्य अन्न आयोग. यांपैकी आपल्या प्रभागातील दक्षता समितीत कोण आहे हे शहरातील किती वाचकांना सांगता येईल? कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला अन्नसुरक्षा कायद्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये दंड आहे. दुसरीकडे जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ७ खाली तीन महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. काळाबाजार करणाऱ्याला १९८० च्या कायद्याखाली सहा महिने, तर राज्याच्या एमपीडीए कायद्याखाली वर्षभर स्थानबद्ध करता येते. कायदे कमी आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. स्थानबद्धतेकडे प्रशासनाचा ओढा वाढतो, त्याचे एक कारण मात्र अस्वस्थ करणारे आहे. त्यात गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. हा पुराव्याच्या कष्टाला दिलेला बगलेचा रस्ता आहे आणि सल्लागार मंडळापुढे किंवा खंडपीठापुढे तो अनेकदा तांत्रिक मुद्द्यावर अडतो.

दुकानदाराचे पाहा. गैरव्यवहार आढळला की जिल्हा पुरवठा अधिकारी १९७५ च्या राज्य आदेशाखाली प्राधिकारपत्र निलंबित किंवा रद्द करतात. त्यावर विभागीय आयुक्त कार्यालयातील पुरवठा उपायुक्तांकडे अपील होते, मग मंत्र्यांकडे पुनरीक्षण. तेथे स्थगिती मिळाली की दुकान पुन्हा सुरू होते आणि ज्यांनी तक्रार दिली होती त्यांना त्याच दुकानदारापुढे पिशवी घेऊन उभे राहावे लागते. पुढच्या वेळी ते तक्रार देतील, अशी अपेक्षा कोणी करू नये. दुसऱ्या बाजूने दुकानदारांचे म्हणणेही ऐकून घेण्यासारखे आहे. त्यांचे कमिशन कित्येक वर्षे क्विंटलमागे १५० रुपये होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १७० रुपये केले. महिन्याला शंभर क्विंटल वाटणाऱ्या दुकानाला १७ हजार रुपये मिळाले, तर त्यातून गाळाभाडे, वीज आणि मदतनीसाचा पगार भागवायचा. गोदामातून आलेल्या कट्ट्यात वजन कमी भरले तर ती तूटही त्यांच्याच माथी. काट्याशी ई-पॉस यंत्र जोडण्याला चालना देणारा नियम केंद्राने जून २०२१ मध्ये केला. तो काटा गोदामाच्या दारातही तेवढ्याच कसोशीने बसला, तर दुकानदाराची ही तक्रार खरी की सबब, हे एकदाचे ठरेल.

ग्राहकही या व्यवहारात अगदीच निष्पाप नाही. मराठवाड्याच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी आणि गव्हाची पोळी. तांदूळ त्या मानाने कमी लागतो. वाट्याला आलेला जास्तीचा तांदूळ गल्लीत फिरणाऱ्या खरेदीदाराला विकला जातो, तेथून तो पॉलिश होऊन पुन्हा बाजारात येतो. याला गळती म्हणायचे की गरिबाने आपल्या हक्काच्या वस्तूचे केलेले रोखीकरण, यावर दोन मते होऊ शकतात. माझ्या मते सायकलवरून दहा किलो तांदूळ नेणाऱ्या फेरीवाल्याला पकडून 'रेशनचा काळाबाजार उघड' अशी पत्रके काढणे ही तपासयंत्रणेने स्वतःचीच केलेली फसवणूक आहे. शोध घ्यायचा तर तो तांदूळ शेवटी ज्याच्या गिरणीत जातो त्याचा घ्यावा.

रोख रकमेचा प्रयोगही मराठवाड्याने पाहिला आहे. विभागातील आठही जिल्ह्यांसह शेतकरी आत्महत्याग्रस्त अशा १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीत धान्य मिळत होते. २०२२ मध्ये ते थांबले आणि जानेवारी २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये, पुढे १७० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. येथे ट्रक नाही, गोदाम नाही, म्हणून वाटेतली चोरीही नाही. मात्र बाजारातले पाच किलो धान्य या रकमेत जेमतेम बसते आणि पैसे वेळेवर जमा होतातच असे नाही. चोरीचा बंदोबस्त म्हणून हा उपाय चांगला आहे, पोटाचा बंदोबस्त म्हणून तो अपुरा पडतो.

मग तपासाची दिशा कोणती असावी? अमेरिकेतील अन्नसाहाय्य योजनेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेथे कागदी कुपनांच्या जागी २००४ पर्यंत सर्व राज्यांत कार्डे आली. लबाड दुकानदार ग्राहकाला कार्डावरील रकमेच्या बदल्यात कमी रोख देत असे आणि सरकारकडून पूर्ण रक्कम वसूल करीत असे. तेथील कृषी खात्याने प्रत्येक व्यवहाराची नोंद संगणकाने चाळण्याची पद्धत बसविली. छोट्याशा दुकानात अवाढव्य रकमेची खरेदी, एकाच कार्डावर काही मिनिटांत दोनदा खरेदी, नेहमी पूर्णांकी रक्कम, अशा खुणा दिसल्या की त्या दुकानावर निरीक्षक जातो. खात्याच्या अंदाजानुसार १९९३ मध्ये डॉलरमागे सुमारे ३.८ सेंट इतका असणारा हा गैरव्यवहार पुढे एक ते दीड सेंटपर्यंत खाली आला. तेथे लाभार्थी धान्य बाजारातल्या दुकानातूनच घेतो, सरकारी ट्रक नसतो, हा फरक लक्षात ठेवायलाच हवा. घेण्यासारखा भाग एवढाच की निरीक्षक कोठे पाठवायचा हे नोंदी ठरवितात, तक्रारअर्ज किंवा वरून आलेला फोन ठरवीत नाही.

आपल्याकडे नोंदींचा दुष्काळ नाही. राज्यातील सुमारे ५२ हजार दुकानांचा प्रत्येक व्यवहार वेळेसह साठविला जातो. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एखाद्या दुकानात मिनिटामिनिटाला अंगठे लागत असतील, गोदामातून धान्य पोहोचल्याची नोंद होण्याआधीच वाटप सुरू झाले असेल, गाडीचे जीपीएस वाटेत तीन तास बंद असेल, तर या खुणा दिसण्यासाठी छाप्याची गरज नाही. पण दुकानाची नोंद एका प्रणालीत, गाडीची दुसरीकडे आणि महामंडळाच्या गोदामाची तिसरीकडे. त्या एकमेकींशेजारी ठेवून रोज वाचणे हे पुरवठा शाखेत कोणाच्याही नेमून दिलेल्या कामात बसत नाही. हे वाचणारा कक्ष उभा करायचाच असेल तर तो वाटप करणाऱ्या खात्याच्या बाहेर असावा आणि त्याचा अहवाल त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे जाऊ नये.

पकडलेल्या धान्याचे पुढे काय होते, हेही सांगितले पाहिजे. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ६-अ खाली जिल्हाधिकारी ते सरकारजमा करू शकतात आणि नासण्याच्या आत रास्त भाव दुकानांतून विकण्याचा आदेशही देऊ शकतात. आरोपी निर्दोष सुटला आणि धान्य परत करणे शक्य नसेल, तर त्याला त्याची किंमत व्याजासह द्यावी लागते. म्हणजे मुद्देमालाच्या बाबतीत आरोपीच्या हिताची काळजी कायद्याने घेतली आहे. ज्यांचे धान्य गेले त्यांचीही घेतली आहे, पण ती कोणाच्या लक्षात येत नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य न मिळालेल्या माणसाला राज्य सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा आहे. हमीभावाच्या सव्वापट दराने, मिळायच्या राहिलेल्या वजनाएवढा. २०२५-२६ च्या हंगामातील गव्हाचा २,४२५ रुपये क्विंटल हा हमीभाव धरला, तर पाच किलोंचे माणशी सुमारे दीडशे रुपये होतात आणि दहा टनांच्या एका ट्रकाचे तीन लाख. ट्रक पकडला की गाडीचा क्रमांक, कट्ट्यांची संख्या आणि मुद्देमालाची किंमत पंचनाम्यात येते. तो ट्रक कोणत्या तालुक्याच्या, कोणत्या दुकानांच्या वाट्याचा होता आणि त्या महिन्यात तेथील कोणती दोन हजार माणसे रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेली, यासाठी पंचनाम्यात रकाना नाही.